वॉलमार्टने जर्मनीतून गाशा का गुंडाळला

परदेशात धंदा कसा करावा हे शिकवणाऱ्या वर्गांमध्ये वॉलमार्टच्या जर्मनीतल्या फजितीची गोष्ट हमखास सांगितली जाते. नोकरांनी प्रत्येक गिऱ्हाइकाकडे पाहून हसायचं, दारात उभं राहून स्वागत करायचं, गल्ल्यावर सामान पिशवीत भरून द्यायचं, असा अमेरिकी शिरस्ता कंपनीने तिकडे नेला. अनोळखी माणसाने केलेली ही सलगी जर्मन गिऱ्हाइकांच्या पचनी पडली नाही आणि कंपनीला परतावं लागलं. गोष्ट ऐकायला मजेदार आहे, म्हणून टिकली आहे. मला ती अपुरी वाटते. शिवाय महाराष्ट्रातली मुलं आज जर्मनीची वाट धरत असताना अशी अर्धी गोष्ट गाठीशी बांधून देणं मला धोक्याचं वाटतं.

वॉलमार्ट तिथे चोरपावलांनी गेली नव्हती. 1997 च्या अखेरीस तिने वेर्टकाउफची 21 दुकानं घेतली, वर्षभराने इंटरस्पारची आणखी 74. जगातली सर्वांत मोठी किरकोळ विक्रेती कंपनी, हातात हवा तेवढा पैसा. तरीही जुलै 2006 मध्ये उरलेली 85 दुकानं मेट्रो या जर्मन कंपनीला विकून ती बाहेर पडली. या व्यवहारात तिने जाहीर केलेला तोटा सुमारे एक अब्ज डॉलरचा होता.

आता उलटं उदाहरण घ्या. आल्डी ही अस्सल जर्मन दुकानसाखळी. तिथे ट्रॉली हवी तर आधी नाणं घालायचं, ट्रॉली जागेवर नेऊन लावली की नाणं परत. गल्ल्यावरची बाई बसूनच काम करते आणि जिनसा इतक्या झपाट्याने पुढे सरकवते की गिऱ्हाइकाची धांदल उडते. पिशव्या भरायच्या त्या बाजूच्या फळीवर, आपल्या आपण. आल्डी हाच रिवाज घेऊन 1976 मध्ये अमेरिकेत गेली. तिथेही गल्ल्यावरची माणसं बसून काम करतात, तिथेही ट्रॉलीत पाव डॉलरचं नाणं घालावं लागतं. हसतमुख सेवेची सवय असलेल्या अमेरिकी गिऱ्हाइकाने हे सगळं स्वीकारलं, कारण त्यातून वाचलेला पैसा त्याला किमतीत दिसत होता. जर्मनीत नेमकं उलटं झालं. पिशवी भरून देणाऱ्याचा पगार शेवटी आपल्याच खिशातून जाणार, हा हिशेब तिथल्या गिऱ्हाइकाला आल्डीने केव्हाच शिकवला होता. रीतिरिवाजच सगळं ठरवत असते, तर आल्डीनेही अमेरिकेत मार खायला हवा होता.

बाकी अडचणी कायद्याच्या होत्या. दुकानं बंद करण्याच्या वेळा 1956 च्या कायद्याने बांधलेल्या. वॉलमार्टच्या सुरुवातीच्या वर्षांत शनिवारी दुपारी चारला शटर खाली आणि रविवारी सुट्टी. चोवीस तास दुकान उघडं ठेवणाऱ्या कंपनीची इथेच कोंडी झाली. दूध-साखरेसारख्या रोजच्या जिनसा खरेदीच्या भावाखाली विकून प्रतिस्पर्ध्याला नमवावं, तर 2000 साली स्पर्धा नियामकाने तेही थांबवलं, आणि त्या आदेशात आल्डी व लिडल या जर्मन साखळ्यांनाही धरलं.

पण मला सर्वांत बोलकं वाटतं ते 2005 चं प्रकरण. कंपनीने अमेरिकेत तयार झालेली आचारसंहिता जर्मन कर्मचाऱ्यांच्या हाती दिली. सहकाऱ्यांनी एकमेकांशी प्रेमसंबंध ठेवण्यावर तिच्यात बंधनं होती आणि सहकाऱ्याने नियम मोडला तर कळवण्यासाठी एक दूरध्वनी क्रमांक होता. प्रकरण वुपरटालच्या कामगार न्यायालयात गेलं, पुढे ड्युसेलडॉर्फच्या वरच्या न्यायालयात. प्रेमसंबंधांवरचं बंधन व्यक्तीच्या घटनादत्त हक्कांवर घाला घालतं म्हणून रद्द ठरलं. तक्रारीच्या दूरध्वनीबाबत न्यायालय म्हणालं की तो कामगार परिषदेला विचारल्याशिवाय सुरूच करता येत नाही.

ही कामगार परिषद, जर्मनीत तिला बेट्रीब्सराट म्हणतात, नीट समजून घेण्यासारखी आहे. पाच कायम कर्मचारी असलेल्या आस्थापनेतही ती निवडून आणता येते. समजा, दुकानाच्या व्यवस्थापकाला पुढच्या महिन्यात दोन संध्याकाळी गर्दी दिसते आहे आणि चार जणांना जादा थांबवायचं आहे. आपल्याकडे तो त्या चौघांना बोलावून सांगेल, कुरकुर झाली तर समजूत काढेल. परिषद असलेल्या जर्मन दुकानात तेवढ्याने भागत नाही. ड्यूटीचा तक्ता, जादा तास, रजेचं वेळापत्रक, कामावर नजर ठेवणारे कॅमेरे, यातल्या प्रत्येक गोष्टीला परिषदेची संमती लागते. ती मिळाली नाही तर वाद लवादापुढे जातो. कुणाला कामावरून काढायचं तर आधी परिषदेचं म्हणणं ऐकावं लागतं. न ऐकता दिलेली नोटीस रद्दबातल ठरते. आणि याच परिषदेला संप पुकारता येत नाही. तो अधिकार संघटनेचा.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे चटकन उमगत नाही, याला कारण आपला इतिहास आहे. कामगारांचा आवाज म्हटला की आपल्याला फाटकावरची सभा आठवते, 1982 चा गिरणी संप आणि दत्ता सामंत आठवतात. कारखान्याच्या आत, रोजच्या कामकाजात कामगाराला विचारण्याची सोय कागदावर आपल्याकडेही होती. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यासाठी वर्क्स कमिटीची तरतूद होती. पण तिने नकार दिला म्हणून मालकाचं काही अडलं, असं होत नव्हतं. देशादेशांतल्या धंद्याच्या रीतींमधला खरा फरक मला इथे दिसतो: कुणाला विचारल्याशिवाय कुणाचं पान हलत नाही, यात. हस्तांदोलन किती घट्ट करावं, भेटीला किती मिनिटं आधी पोहोचावं, हे चार दिवसांत बघून बघून येतं. कुणाला विचारावं लागतं हे मात्र बघून येत नाही, कारण ते दिसतच नाही.

म्हणून आपल्या मुलांची काळजी वाटते. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा कामांसाठी मुलं-मुली जाणार. त्यांना जर्मन भाषा शिकवणं आवश्यकच आहे. पण जळगावची किंवा लातूरची एखादी परिचारिका तिथल्या रुग्णालयात रुजू झाली आणि सलग रात्रपाळ्या तिच्याच नावावर लागू लागल्या, तर ती काय करेल? इथल्या सवयीने गप्प बसेल, वरिष्ठांची मर्जी राखेल, फार तर गावाकडे फोन करून रडेल. रुग्णालयात अशी परिषद असेल तर तिच्या वॉर्डाचा ड्यूटी-तक्ता परिषदेच्या संमतीने लागतो आणि त्या परिषदेकडे ती थेट तक्रार नेऊ शकते, हे निघण्याआधी तिला कुणी सांगितलेलं असायला हवं.

तिथे नोकरीला लागलेल्या परदेशी कर्मचाऱ्याला या परिषदेच्या निवडणुकीत मत देता येतं. जर्मन नागरिकत्व लागत नाही. सहा महिने नोकरी झाली की उमेदवार म्हणून उभंही राहता येतं. सरकारने आणि मुलांना पाठवणाऱ्या संस्थांनी प्रशिक्षणात यासाठी एक दिवस राखून ठेवावा. परिषदेचे अधिकार, नोटिशीची मुदत, वेतनकरार आणि तक्रारीचा रस्ता, एवढं सगळं साध्या मराठीत त्या एका दिवसात शिकवून होतं.