निर्जीव केसाला 'पोषण' कसले?

लांब, कोरड्या, गुंतलेल्या केसांना 'मुळापासून टोकापर्यंत पोषण' देण्याची भाषा जाहिरातींनी आता सोडावी. त्वचेबाहेर आलेला केस हा केराटिन या प्रथिनाचा निर्जीव तंतू आहे. महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढणाऱ्या ६० सेंटिमीटर केसाचे टोक ५ वर्षे झिजलेले असते. निर्जीवाचे पोषण होत नाही; झीज तेवढी रोखता येते. मुंबईतील संशोधकांच्या २००३ मधील शोधनिबंधानुसार, धुण्यापूर्वी लावलेले खोबरेल केसात शिरून प्रथिनांची हानी घटवते. खनिज तेलाला ते साधत नाही. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीचेच होते, हेही लपवू नये. रुंद दातांच्या फणीने टोकाकडून वर हळूहळू गुंता सोडवण्यास मात्र काहीच खर्च नाही. म्हणूनच त्याची जाहिरात होत नाही.