चासिस विकतची, बॉडी हातची

महामार्गावर अनेकांनी नुसती चासिस धावताना पाहिली असेल. चाके, इंजिन, लांबच लांब लोखंडी सांगाडा आणि पुढे तोंडाला फडके गुंडाळून बसलेला चालक. अशी चासिस बॉडी बांधणाऱ्याच्या आवारात पोहोचली की तिचा टँकर होणार, अग्निशमन बंब होणार की मालट्रक, ते तिथे ठरते. महाराष्ट्राला हे काम परके नाही. एसटी महामंडळाने चासिस विकत घेऊन दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या आपल्या मध्यवर्ती कार्यशाळांत बसच्या बॉडी बांधल्या. गावोगावी ओळखीचा झालेला लाल गाडीचा तोंडवळा तिथल्या कारागिरांच्या हातचा आहे. रिमोटवर चालणाऱ्या, दगडधोंड्यांवर चढणाऱ्या छोट्या गाडीतही हीच विभागणी असते. खाली चासिस, वर बॉडी. दोन्ही बाजारात तयार मिळतात. तरीही बॉडी विकत न घेता स्वतः बांधावी आणि हे काम शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाला मिळावे, असा या लेखाचा आग्रह आहे. मोजणे, आकार ओळखणे, साहित्याचा स्वभाव समजून घेणे आणि आपली चूक आपणच शोधणे या चार गोष्टी एकाच कामात आणि इतक्या कमी खर्चात शिकायला मिळणे दुर्मीळ आहे.

सुरुवात मापापासून होते. महिंद्रच्या तीन दारी थारचे उदाहरण घेऊ. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर, म्हणजे व्हीलबेस, २,४५० मिलिमीटर आणि एकूण लांबी ३,९८५ मिलिमीटर. एकास दहा प्रमाणात व्हीलबेस २४५ मिलिमीटर व्हायला हवा. पण खडकांवर चढण्यासाठी या प्रमाणात विकल्या जाणाऱ्या चासिसचा प्रचलित व्हीलबेस ३१३ मिलिमीटर आहे. जवळजवळ सात सेंटिमीटरचा हा फरक मिटवायला तीन वाटा आहेत. मागचा अ‍ॅक्सल पुढे घेऊन चासिस आखूड करता येते, पण मग तीव्र चढावर गाडी मागच्या मागे उलटण्याचा धोका वाढतो. बॉडीच मोठी करून प्रमाण एकास ७.८ धरता येते, पण मग गाडी सुमारे ५१ सेंटिमीटर लांब होते, जड होते आणि पुढचा बंपर दगडाला लवकर टेकतो. किंवा मधला भाग ताणून तीन दारांची पाच दारे करता येतात. पाच दारी थार रॉक्सचा व्हीलबेस २,८५० मिलिमीटर, म्हणजे ती २८५ पर्यंत पोहोचते आणि तरीही जवळजवळ तीन सेंटिमीटर कमीच पडते. त्यात पत्र्याच्या जाडीचा प्रश्न वेगळाच. मोटारीचा बाहेरचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटरचा असतो. तो दहा पटींनी लहान केला तर वहीच्या कागदाहून पातळ होईल. म्हणून छोट्या गाडीत सगळेच प्रमाणात उतरवता येत नाही. काय राखायचे आणि काय सोडायचे, हे बांधणाऱ्यालाच ठरवावे लागते. गुणोत्तर आणि प्रमाणाची ढीगभर उदाहरणे मुले वहीत सोडवतात. गुणोत्तर चुकले की चाक मडगार्डच्या बाहेर डोकावते, हे मात्र त्यांना वहीत दिसत नाही.

मग पुठ्ठ्याची पाळी येते. बोनेट, दारे, मागची बाजू, टप हे सगळे सपाट तुकड्यांत उलगडून पुठ्ठ्यावर आखायचे, गुण्या लावून काटकोन तपासायचे, कापायचे आणि चिकटपट्टीने उभे करायचे. कागदावर बिनचूक वाटलेली गाडी चासिसवर ठेवली की तिच्या खोडी दिसू लागतात. पुढचे डावे चाक दोन-तीन जाड पुस्तकांच्या थप्पीवर चढवायचे, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवायचे आणि वाकून पाहायचे. सपाट जमिनीवर ज्या चाकाभोवती बोटभर मोकळी जागा होती, त्याच्या टायरची कड आता मडगार्डला घासत असते. घासते तिथे पेन्सिलीने खूण करायची, कमान तेवढी कापायची, पुन्हा चाक चढवायचे आणि स्टिअरिंग दुसऱ्या बाजूला वळवायचे. आता घासण्याची जागा बदललेली असते. मागच्या चाकांना वळण नसते, पण वर-खाली व्हायला मोकळीक त्यांनाही लागते. जास्त कापले तर गाडीचे रूप जाते, कमी कापले तर ती पहिल्याच दगडावर अडते. या प्रश्नाचे उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर नसते आणि शिक्षकांनाही ते आधी माहीत नसते. टायर घासतो की नाही, एवढाच निकाल, आणि तो मुलांना कुणी सांगावा लागत नाही.

बॉडी म्हणजे नुसती सजावट, असे ज्यांना वाटते त्यांनी ती वजनकाट्यावर ठेवून पाहावी. समजा, चासिसचे वजन अडीच किलो आहे, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ९ सेंटिमीटरवर आहे आणि डाव्या-उजव्या चाकांच्या मध्यांत २० सेंटिमीटर अंतर आहे. तिच्यावर पातळ पॉलिकार्बोनेटची २०० ग्रॅमची बॉडी बसवली आणि त्या बॉडीचा गुरुत्वमध्य १८ सेंटिमीटरवर धरला, तर आडव्या उतारावर गाडी हिशेबाने सुमारे ४६ अंशांपर्यंत तग धरते. तशीच पण जाड प्लॅस्टिकची, अर्ध्या किलोची बॉडी बसवली की ती मर्यादा साडेत्रेचाळीस अंशांवर येते. टपावर कॅरिअर, त्यात स्टेपनी आणि इंधनाचे छोटे डबे असे आणखी २०० ग्रॅम २३ सेंटिमीटर उंचीवर चढवले की ती साडेएकेचाळीसवर उतरते. स्प्रिंग दबण्याचा परिणाम यात धरलेला नाही. तो धरला तर आकडे आणखी खाली येतील. त्रिकोणमितीतल्या टॅनचा इतका सरळ उपयोग वर्गात क्वचितच दाखवला जातो. एक फळी, एक कोनमापक आणि ती गाडी एवढ्यावर हा हिशेब पडताळता येतो. फळी हळूहळू उचलायची आणि वरच्या बाजूची चाके सुटली की कोन वाचायचा. डोंगरवाटेवर टपावर सामान रचलेली जीप का कलंडते, हे ज्या मुलीने स्वतःच्या फळीवर पाहिले, तिला ते वेगळे शिकवावे लागत नाही.

साहित्याचा स्वभावही असाच हाताने कळतो. पॉलिकार्बोनेटची पारदर्शक शीट तापवून साच्यावर ओढतात आणि खालची हवा शोषून घेतात. थंड झाली की ती साच्याचा आकार धरते. ती हलकी असते, लवते आणि दगडावर आपटली तरी सहसा फुटत नाही. तिला रंग आतून देतात, म्हणजे बाहेर ओरखडे पडले तरी रंग शाबूत राहतो. पण आतून रंगवताना क्रम उलटतो. खऱ्या गाडीवर जो पट्टा सगळ्यात शेवटी ओढतात, तो इथे सगळ्यात आधी मारायचा, त्यावर मुख्य रंग आणि शेवटी पाठीमागचा थर. क्रम चुकला की पट्टा मुख्य रंगाच्या मागे कायमचा दडतो. तिच्यासाठी वेगळा रंग मिळतो. तो सोडून तीव्र थिनरचा रंग वापरला तर शीट ठिसूळ होऊन तडकू शकते. स्टायरीन किंवा एबीएसची शीट निराळी. तिच्यावर कटरने खोल रेघ मारून वाकवली की ती त्या रेषेत सरळ तुटते. योग्य द्रावक लावले की दोन कडा विरघळून एकजीव होतात. फट राहिली तर लांबी भरता येते, पाणी लावून पॉलिशपेपरने घासता येते. ती चुका पोटात घालते आणि त्याचा मोबदला वजनात घेते. नवशिक्यांसाठी फलक बनवणाऱ्यांकडे मिळणारा सनबोर्ड पुरेसा आहे. कोणते साहित्य चांगले, या प्रश्नाला एक उत्तर नसते. गाडीकडून काय हवे, ते आधी ठरवावे लागते. तांत्रिक कामाचा हा गाभा आहे आणि तो भाषणाने पोहोचवता येत नाही.

करून शिकण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाची कल्पना मांडली. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम उभारून हाताच्या कामातून विज्ञान शिकवण्याचा पायंडा पाडला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यात दहा दिवस दप्तराविना, कारागिरांच्या सहवासात घालवण्याची शिफारस केली. देशभरात दहा हजार अटल टिंकरिंग लॅब उभ्या राहिल्या आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी पन्नास हजारांची घोषणा झाली. जागा, यंत्रे आणि धोरण यांची वानवा आता पूर्वीइतकी नाही. अडचण आहे ती तयार किटची. किटमधला प्रत्येक तुकडा आधीच बरोबर मापाचा असतो, प्रत्येक भोक जागेवर असते, आणि मुलांच्या वाट्याला सूचनापुस्तिकेबरहुकूम जोडणी येते. जोडणीतूनही शिकायला मिळते, पण माप घेण्याची जबाबदारी त्यात कुणावरच नसते. जपानच्या टामिया कंपनीने ही जबाबदारी कशी घेतली, ते पाहण्याजोगे आहे. १९४६ साली लाकडाचा धंदा म्हणून ती शिझुओका शहरात सुरू झाली. १९७६ मध्ये तिने रिमोटवर चालणारी पहिली गाडी काढली, ती पोर्शे ९३४. त्या प्रतिकृतीच्या तयारीसाठी कंपनीने खरी पोर्शे ९११ विकत घेऊन तिचा भाग न् भाग सुटा केला होता. अशा काटेकोर मोजमापावर तिचे नाव उभे राहिले.

पहिला आक्षेप खर्चाचा असेल, आणि तो रास्त आहे. रिमोटच्या चांगल्या चासिसला काही हजार रुपये पडतात आणि नामवंत आयात चासिस दहा हजारांच्या बरीच पुढे जाते. प्रत्येक मुलाला अशी गाडी मिळावी, असे कुणी म्हणणार नाही. पण बॉडी सहसा चार खुंट्यांवर बसते आणि चार क्लिपा काढल्या की उचलून बाजूला ठेवता येते. वर्गात एक चासिस असली तरी पाच गटांच्या पाच बॉडी तिच्यावर आळीपाळीने चढू शकतात. उलट तेच अधिक उपयोगाचे, कारण यंत्र तेच राहिले म्हणजे फरक पडला तो बॉडीमुळेच, हे निर्विवाद होते. पुठ्ठा, सनबोर्ड, स्टीलपट्टी आणि कटर यांचा खर्च कुठल्याही शाळेच्या आवाक्यातला आहे. हा मुलग्यांचा खेळ आहे, हे म्हणणे तर विचारात घेण्याजोगेही नाही. माप घेऊन कापड बेतण्याचे कसब घरोघरच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले. सपाट तुकड्यांतून शरीराचा आकार उभा करण्याची तीच विद्या इथे लागते.

दुसरा आक्षेप थ्रीडी प्रिंटरचा. फाइल उतरवून घ्यावी, बटण दाबावे, बॉडी तयार. प्रिंटरला विरोध करण्याचे कारण नाही. जाळी, आरसे, दिव्यांच्या चौकटी यांसारखे बारीक नक्षीचे भाग तो हातापेक्षा सफाईने करतो. पण प्रिंटर रेखाटलेलेच छापतो. चाकाची कमान चुकीची रेखाटली असेल तर ती चुकीचीच छापली जाईल, आणि ते कळायला पुठ्ठ्याच्या पाच मिनिटांऐवजी कित्येक तास जातील. दुसऱ्याची फाइल छापणे म्हणजे पुन्हा किटच. आधी पुठ्ठा, मग शीट आणि शेवटी प्रिंटर, या क्रमाने गेले तर यंत्राचेही चीज होते.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गाड्यांच्या बॉडी आता अजस्र प्रेस आणि रोबो बनवतात, मग हाताचे हे काम कशासाठी? पण मोटार कंपन्यांत नव्या गाडीचा आकार ठरवताना आजही मातीचे पूर्णाकृती नमुने हाताने कोरतात. रुग्णवाहिका, बंब, टँकर यांच्या बॉडी आजही चासिसवर बांधल्या जातात, आणि शीट मेटल, ऑटो बॉडी दुरुस्ती, पेंटिंग हे व्यवसाय आयटीआयमध्ये शिकवले जातात. आकाराचे मोल किती, हे महिंद्रच्याच एका प्रकरणातून कळते. १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जोडण्यापासून महिंद्रचा गाड्यांचा प्रवास सुरू झाला. तिने अमेरिकेत आणलेल्या रॉक्सॉर गाडीवर जीपची तेव्हाची मालक फियाट क्रायस्लर हिने २०१८ मध्ये तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली. तक्रार बाह्य रूपाबद्दल होती. २०२० मध्ये निर्णय महिंद्रच्या विरोधात गेला आणि रॉक्सॉरचा चेहरामोहरा बदलावा लागला. मुलांनी शिकण्यापुरती थारची प्रतिकृती करणे आणि नक्कल विकणे यांत अंतर आहे, हेही या निमित्ताने त्यांना सांगता येते. पहिली बॉडी पाहून केलेली असावी, दुसरी स्वतःच्या कल्पनेची असावी.

सुरक्षिततेचा मुद्दा वादाचा नाही, पाळण्याचा आहे. कटर नेहमी स्टीलपट्टीच्या आधाराने आणि अंगापासून दूर चालवावा, द्रावक आणि फवाऱ्याचा रंग मोकळ्या हवेत वापरावा, घासताना तोंडाला मास्क असावा. सनबोर्ड पीव्हीसीचा असतो. तो लेझर यंत्रावर कधीही कापू नये, कारण त्यातून हायड्रोजन क्लोराईड हा घातक वायू सुटतो. ही शिस्त लहानपणी अंगवळणी पडली तर पुढे कारखान्यातही कामी येईल.

राहिला प्रश्न गुण देण्याचा. वर्षाअखेरीस प्रदर्शनात पाच बॉडी मांडल्या जातील आणि सगळ्यात चकचकीत गाडीला बक्षीस देण्याचा मोह होईल. परीक्षकांनी रंगाच्या आधी पुठ्ठ्याचे तुकडे मागावेत. ज्या तुकड्यावर चाकाची कमान तीनदा खोडून चौथ्यांदा आखलेली दिसेल, त्या गटाने पहिल्या तीन चुका स्वतः शोधलेल्या असतील. गुण त्या खोडलेल्या रेघांना मिळावेत.