विश्लेषण : भेटवस्तूला कापडाचे वेष्टन पर्यावरणपूरक कधी ठरते?

वाढदिवस आटोपतो, पाहुणे घरी जातात आणि बैठकीत उरतो चुरगळलेल्या चमकी कागदांचा ढीग. तासाभरापूर्वी ज्याला चिकटपट्टी आणि रिबीन लावून सजवले, तेच कचऱ्याच्या डब्यात जाते आणि नागपुरात तिथून पुढचा रस्ता भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डाचा असतो. चमकी कागदाऐवजी कापड वापरा, असा सल्ला आता सर्रास दिला जातो. सल्ला चांगला आहे, पण अर्धवट आहे. केवळ कापड आहे म्हणून ते पर्यावरणपूरक होत नाही. ते कुठून आले आणि किती हातांतून फिरले, यावर सारे ठरते.

चमकी कागदाची अडचण काय?

साधा खाकी कागद रद्दीत जातो आणि त्याचा पुन्हा कागद होतो. बाजारातला चकचकीत 'गिफ्ट पेपर' मात्र अनेकदा कागद नसतोच. धातूचा अतिशय पातळ मुलामा दिलेला तो प्लास्टिकचा पापुद्रा असतो. काही प्रकारांत कागदावर प्लास्टिकचा थर असतो किंवा चकाकीचे कण चिकटवलेले असतात. हे थर वेगळे करणे परवडत नाही, त्यामुळे रद्दीच्या दुकानात त्याला मोल नाही. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. तुकडा मुठीत घट्ट चुरगळावा. तसाच राहिला तर बहुधा कागद, मूठ सोडताच उलगडू लागला तर प्लास्टिक.

बंदीत हा कागद येतो का?

एकदाच वापरून फेकल्या जाणाऱ्या काही प्लास्टिक वस्तूंवर केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून बंदी घातली. मिठाईचे डबे, निमंत्रणपत्रिका आणि सिगारेटच्या पाकिटांभोवतीचे प्लास्टिक वेष्टन त्या यादीत आहे. भेटवस्तूच्या चमकी कागदाचा मात्र तिथे स्वतंत्र उल्लेख नाही. म्हणजे पेढ्यांच्या डब्यावरचा पापुद्रा बंद आणि शेजारच्या खेळण्यावरचा चालू, अशी स्थिती आहे. तेव्हा हा बदल कायद्याची वाट न पाहता घरातूनच व्हायला हवा.

मग कापड आणले की झाले?

नाही. कापूस पिकवण्यापासून सूत कातणे, विणणे आणि रंगवण्यापर्यंत पाणी, वीज, खते आणि कीटकनाशके खर्ची पडतात. विदर्भाला हे वेगळे सांगायला नको. केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरातच आहे. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, हवामानावरील परिणामाच्या दृष्टीने पातळ प्लास्टिक पिशवीची बरोबरी करायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. तो हिशेब पिशवीचा होता, वेष्टनाचा नव्हे. तरी धडा तोच आहे. ऑनलाइन मागवलेले नवेकोरे 'इको-फ्रेंडली' कापड एकदा वापरून कपाटात पडले, तर ते चमकी कागदापेक्षा महागात पडू शकते. खिशालाही आणि निसर्गालाही.

म्हणून पहिला नियम असा की वेष्टनासाठी नवे कापड विकत घेऊ नये. जे आधीच विणले गेले आहे, तेच वापरावे.

हे जपानकडून शिकायचे का?

कापडात भेट बांधण्याच्या जपानी पद्धतीला 'फुरोशिकी' म्हणतात. प्लास्टिक पिशव्या कमी व्हाव्यात म्हणून जपानच्या तत्कालीन पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी २००६ मध्ये तिचा जाहीर पुरस्कार केला, तेव्हापासून हा शब्द जगभर गेला. पण मराठी घराला ही गोष्ट परकी नाही. पोथी बासनात बांधली जायची. पेशवे दफ्तरातील कागदांच्या गठ्ठ्यांना 'रुमाल' म्हणतात, कारण ते कापडातच बांधलेले असत. भाकरी फडक्यात, धान्य गाठोड्यात बांधले जाई. आणि नागपूर तर कापडाचेच गाव. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे १८७७ मध्ये सुरू झाली. इतवारी, गांधीबागेतला कापडबाजार आणि कोष्टी विणकरांच्या वस्त्यांनी हे शहर घडवले.

जपानकडून घेण्यासारखे आहे ते गाठींचे तंत्र. कापड फिरते ठेवण्याची रीत मात्र इथलीच आहे. शेजारून आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, हा संस्कार घराघरांत आहे. तोच नियम कापडाला लावला तर प्रश्न सुटतो.

कोणते कापड निवडावे?

सर्वात मोठा साठा कपाटाच्या वरच्या कप्प्यात असतो, ओटीत आणि हळदीकुंकवात मिळालेल्या ब्लाऊज पीसचा. त्यातले अनेक शिवले जात नाहीत. या घरून त्या घरी फिरत राहतात आणि त्यावर विनोदही होतात. हेच पीस वेष्टन म्हणून वापरले तर त्यांचे फिरणे सत्कारणी लागेल. ते कोरे असतात, त्यामुळे 'जुने कापड शुभकार्यात कसे द्यायचे?' हा प्रश्नही उरत नाही.

याखेरीज विरलेल्या सुती साडीचा चांगला भाग, जुनी ओढणी, चादर, शिंप्याकडचे कटपीस चालतात. सुती कापडाची गाठ घट्ट बसते, गुळगुळीत सिंथेटिकची सुटते. घरात सिंथेटिक साडी पडून असेल तर तिची पिशवी शिवणे बरे.

घरी कसे करायचे?

* माप : चौकोनी कापडाचा कर्ण वस्तूच्या सर्वात लांब बाजूच्या सुमारे तिप्पट असावा. ४५ सेंमीचा चौकोन २० सेंमीच्या डब्याला पुरतो, ७० सेंमीचा सुमारे ३० सेंमीच्या खोक्याला आणि ९० सेंमीचा ४० सेंमीपर्यंत. साडेपाच मीटरच्या साडीतून ७० सेंमीचे सात चौकोन निघतात. उरलेल्या पट्टीतून डझनभर लहान तुकडे होतात.
* कडा : कापड आधी धुऊन, वाळवून इस्त्री करावे आणि मगच कापावे. कडेला दुहेरी दुमड घालून शिवावी. मशीन नसेल तर साडीला करतात तसा पिको करून घ्यावा. गल्लीतल्या शिंपीकाकांना किंवा फॉल-पिको करणाऱ्या ताईंना त्यातून चार पैसेही मिळतात.
* बांधणी : कापड शंकरपाळ्यासारखे तिरके अंथरावे, वस्तू मधोमध ठेवावी. जवळचे टोक वस्तूवर घ्यावे, मग समोरचे. शेवटी डावे आणि उजवे टोक वर आणून गाठ मारावी. चिकटपट्टी, पिन काहीही नको.
* गाठ : पहिल्यांदा उजवे टोक डाव्यावरून, दुसऱ्यांदा डावे उजव्यावरून घ्यावे. दोन्ही वेळा एकाच बाजूने घेतले तर गाठ तिरकी बसते आणि निसटते. सोडताना एका बाजूचे टोक आणि त्याच बाजूची गाठीखालची घडी धरून विरुद्ध दिशांना ओढावी. ती बाजू सरळ होते आणि गाठ तिच्यावरून सरकते.
* पिशवी : गोल किंवा उंच वस्तूंसाठी जुन्या पायजम्याचा पाय कामी येतो. बाजूची शिवण तयारच असते. खालून शिवायचे आणि वर नाडी ओवायची.

पण कापड परत येईल का?

खरी मेख इथेच आहे. मोठ्या रिसेप्शनमध्ये दिलेले कापड कुणाच्या घरी गेले, हे कळतही नाही. म्हणून सुरुवात जवळच्या वर्तुळात करावी. घरातल्या घरात दिलेल्या भेटींत कापड घरातच राहते. भाऊबीज, वाढदिवस, मावशी-आत्याकडची देवाणघेवाण इथेही ते सहज फिरते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येणाऱ्या तान्ह्या पोळ्याला नागपुरात लाकडी बैल घेऊन मुले घरोघरी जातात. त्यांना बोजारा म्हणून द्यायचा खाऊ चकचकीत पुडीऐवजी नाडीच्या लहान पिशवीत दिला तर तीच पिशवी पुढे कंपासपेटीला कामी येते.

दूरच्या नात्यात देताना एक वाक्य पुरेसे असते. 'कापड परत नको, पुढच्या भेटीला वापरा.' हे सांगण्यात संकोच वाटतो, कारण वेष्टन फाडून फेकणे हीच आता उत्साहाची खूण झाली आहे. जो देतो त्यानेच हा संकोच मोडायला हवा.

हे काम कुणी करायचे?

घरगुती पर्यावरणाचे असे उपक्रम बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या कामात आणखी एक भर घालतात. कापणे, शिवणे, धुणे, इस्त्री हे सारे तिच्याच वाट्याला आले, तर दोन महिन्यांत चमकी कागद परत येईल आणि त्यात तिचा दोष नसेल. मुलांनी गाठ शिकावी, पुरुषांनी इस्त्री करावी, शिवण शिंप्याकडे द्यावी. बचत गटांनी कातरणीतून अशी वेष्टने शिवून विकली तर तेही चांगले, मात्र त्यासाठी नवे तागे फाडू नयेत.

एका घराने चमकी कागद सोडल्याने भांडेवाडीचा डोंगर लहान होणार नाही, हे खरे. पण कागद फक्त एकदा जातो आणि कापड पुन्हा येते. दोन वर्षांनी तोच हिरवा ब्लाऊज पीस दुसऱ्याच कुणाच्या भेटीभोवती घरी परतला, तर हा उपाय चालला असे समजावे.