पिल्लांना ऊब देणारा बल्बच शेड पेटवतो. मग भरपाई कोण देणार?

थंडी पडली की ग्रामीण पानावर एक छोटी बातमी हमखास दिसते. शॉर्टसर्किटने पोल्ट्री शेडला आग, पिल्ले होरपळली, लाखोंचे नुकसान, पंचनामा सुरू. त्या कुटुंबाचे पुढे काय झाले, हे मात्र क्वचितच छापून येते. बहुतेक वेळा पक्ष्यांचा हिशेब कसाबसा लागतो. छप्पर, जाळी, वायरिंग आणि खाद्याच्या पोत्यांचा हिशेब मालकाच्या गळ्यात पडतो.

आग लागते कशी?

एक दिवसाच्या पिल्लाला स्वतःची ऊब राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला साधारण ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते, पुढे दर आठवड्याला ते दोन-तीन अंशांनी कमी करत न्यायचे असते. त्यासाठी खाली भाताच्या तुसाचा दोन-तीन इंचांचा थर, वर बल्ब आणि वारा अडवायला चारी बाजूंनी बारदानाचे किंवा प्लास्टिकचे पडदे, अशी मांडणी घरोघरी होते. कोरडे तूस, सुके बारदान आणि त्यांच्यापासून वीतभर अंतरावर रात्रभर तापलेली काच. पेटायला आणखी काय हवे?

बल्ब बहुतेक ठिकाणी स्वतःच्याच वायरवर लोंबकळत असतो. कोंबडीचा धक्का लागतो, उंदीर वायर कुरतडतो किंवा उष्णतेने प्लास्टिकचा होल्डर मऊ पडतो आणि बल्ब थेट तुसात येतो. एलईडी दिवा उजेड देतो, पण ऊब जवळपास नाही. त्यामुळे अलीकडे २५० वॅटचा इन्फ्रारेड दिवा आणून तो जुन्याच होल्डरमध्ये बसवला जातो. वास्तविक एका पिल्लामागे एक ते दोन वॅट हा रूढ हिशेब आहे. म्हणजे शंभर पिल्लांना १०० ते २०० वॅट पुरतात. ऊब बरोबर आहे का, हे पिल्लेच दाखवतात. दिव्याखाली गर्दी केली तर थंडी आहे, कडेला पळाली तर उकाडा आहे, सगळीकडे पसरली तर ठीक चालले आहे.

वीज गेली की कोळशाची शेगडी आत येते. तिच्यावर पत्रा नसेल आणि भोवती तूस असेल, तर धोका बल्बपेक्षा मोठा. शेगडीचा धूर बंद पडद्यांआड कोंडला, तर ज्वाळा न लागताही पिल्ले गुदमरून मरतात.

उपाय महाग नाहीत, म्हणूनच त्यांच्याकडे होणारे दुर्लक्ष जास्त खटकते. चिनी मातीचा होल्डर, दिव्याभोवती तारेची जाळी, दिवा टांगायला वायरऐवजी साखळी आणि ती सुटली तर अडकावा म्हणून दुसरी तार. मेन स्विच शेडच्या बाहेर हवा, कारण आत ज्वाळा असताना तो बंद करायला कोणी जाऊ शकत नाही. आकडा टाकून घेतलेल्या विजेला एमसीबीचे संरक्षण नसते, हेही उघडपणे सांगायला हवे. वायरवर साचलेली पिसांची धूळ आणि जळमटे प्रत्येक बॅचनंतर झाडावीत. कडब्याची गंज शेडला खेटून रचू नये.

नुकसान कोणाचे?

करार पद्धतीत पिल्ले आणि खाद्य कंपनीचे. शेड, वीज आणि मजुरी शेतकऱ्याची. एका ब्रॉयलर पक्ष्याला साधारण एक चौरस फूट धरला, तर ५,००० पक्ष्यांसाठी ५,००० चौरस फुटांचे छत शेतकऱ्याने कर्ज काढून उभे केलेले असते. आग लागली की कंपनीची एक बॅच जाते, शेतकऱ्याचा धंदाच जातो.

सरकारी मदतीवर भिस्त ठेवणाऱ्यांनी आकडे पाहावेत. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांत कोंबडीमागे १०० रुपये आणि एका कुटुंबाला कमाल १०,००० रुपये आहेत. घराला जोडून असलेल्या गोठ्यासाठी ३,००० रुपये. एवढ्यात छपराचे पत्रेही येत नाहीत.

विमा कोणता?

इथे मोठा गैरसमज आहे. कुक्कुट विमा पक्ष्यांचा असतो, शेडचा नाही. घराच्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत आवारातील गॅरेज, कुंपण, पाण्याची टाकी येते. पण ती बांधकामे घराचा भाग म्हणून वापरात असावी लागतात. व्यवसायाचे शेड त्यात गृहीत धरणे धोक्याचे आहे. त्यासाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे. एका ठिकाणची एकूण मालमत्ता पाच कोटींपर्यंत असेल, तर ती घेता येते. तिच्यात आगीबरोबर वीज कोसळणे, वादळ आणि पूरही येतो. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळानंतर रायगडमध्ये वादळाच्या संरक्षणाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

खरी मेख विमा रकमेत आहे. बँकेने काढून दिलेला विमा अनेकदा कर्जाच्या रकमेपुरताच असतो. शेड पुन्हा बांधायला १० लाख लागणार असतील आणि विमा ५ लाखांचा असेल, तर ४ लाखांच्या नुकसानीवर २ लाखच हाती येतात. सूक्ष्म उद्यम पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, त्यापुढे कात्री लागते. बांबू, गवत, ताडपत्रीचे बांधकाम ‘कच्चे’ ठरते. ते पक्के म्हणून लिहून हप्ता वाचवला, तर दावाच अडचणीत येतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८, शेडचे फोटो, पत्रे-जाळीची बिले घरात, शेडपासून दूर ठेवावीत.

परसातल्या दहा-पंधरा कोंबड्यांच्या खुराड्याला मात्र स्वतंत्र विमा परवडत नाही आणि कोणी विकायलाही येत नाही. तिथे साखळी आणि चिनी मातीचा होल्डर हाच विमा. प्रश्न आहे तो मधल्या कुटुंबांचा. पशुसंवर्धन विभाग ५० टक्के अनुदानावर शंभर एकदिवसीय पिल्लांचा गट देतो. त्या पिल्लांना पहिले काही आठवडे दिव्याखालीच काढावे लागतात, म्हणजे योजनेबरोबर आगीचा धोकाही घरात येतो. त्याच अनुदानात सुरक्षित दिव्याचा संच आणि पहिल्या वर्षाचा शेडचा हप्ता बसवणे अवघड नाही. करार कंपन्यांनीही पिल्ले उतरवण्याआधी जशी पाण्याची सोय तपासतात, तशी वायरिंग आणि शेडची पॉलिसी तपासायला हवी.