परतीचे टपाल कोणाच्या खिशातून?

वस्तू व सेवा कर परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ रोजी करकपातीचा निर्णय घेतला आणि २२ सप्टेंबरपासून तो अमलात आला. वातानुकूलन यंत्रे व ३२ इंचांहून मोठे दूरचित्रवाणी संच यांवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वीची किंमत तीस हजार रुपये धरली, तर आधी ३८,४०० रुपयांना पडणारे यंत्र ३५,४०० रुपयांना मिळू लागले. ज्यांनी ऑगस्टच्या अखेरीस घरबसल्या ऑनलाइन खरेदी उरकली होती, त्यांची चडफड होणे स्वाभाविकच होते. त्या दिवसांत मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात आम्हांला एकच प्रश्न ऐकू येई: "फादर, हे परत करून पुन्हा घेतले, तर त्यात वावगे काय?"

प्रश्न साधा दिसतो. पण त्यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे. ही गल्लत आमच्याही हातून झाली आहे, ती आधी सांगतो. धर्मग्रामाच्या सभागृहासाठी आम्ही एका विक्रेत्याकडून ऑनलाइन ध्वनिक्षेपकाचा जोड मागवला. दोहोंपैकी एक मुकाच निघाला. विक्रेत्याने कळवले की, तुमच्या भागातून माल उचलण्याची आमची सोय नाही, तुम्हीच कुरियरने पाठवा. कुरियरचे ४८० रुपये झाले. हाती पडले १००. त्याच आठवड्यात तोच जोड सातशे रुपयांनी स्वस्त झालेला दिसला. खरे सांगायचे तर, बुडालेल्या ३८० रुपयांपेक्षा त्या सातशे रुपयांचाच आम्हांला अधिक राग आला. वास्तविक अन्याय झाला होता तो पहिल्या बाबतीत.

कायद्याने हा भेद केला आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या आधारे २३ जुलै २०२० रोजी ई-वाणिज्य नियम जारी झाले. माल सदोष वा बनावट असेल, जाहिरातीत वर्णिलेल्या गुणांचा नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोहोचला असेल (आपत्तीमुळे झालेला विलंब सोडून), तर तो परत घेण्यास वा पैसे परत करण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. परतपाठवणीचा खर्च किती, हेही त्याने आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे. मात्र सदोष मालाच्या परतीचे टपाल विक्रेत्यानेच सोसावे, असे थेट वाक्य नियमांत नाही. आमच्या मते ही मोठीच उणीव आहे. दोनशे रुपयांची वस्तू परत करण्यास दीडशे रुपये लागणार असतील, तर ग्राहक मुकाट्याने ती कपाटात टाकतो आणि नकार न देताही नकाराचे काम साधते.

उलटपक्षी, वस्तू चांगली असून केवळ मन बदलले किंवा भाव उतरला, तर आपल्याकडे कायद्याने परतीचा हक्क नाही. विक्रेत्याचे धोरण उदार असेल तेवढीच सवलत. युरोपीय संघात कारण न देता १४ दिवसांत खरेदी रद्द करता येते. पण विक्रेत्याने तो भार स्वतःकडे घेतला नसेल, तर परतीचे टपाल तिथेही ग्राहकालाच भरावे लागते. खर्च ग्राहकाचा आहे हे आधी सांगितले नसेल, तर मात्र तो विक्रेत्याच्या माथी बसतो.

उतरत्या भावाचा प्रश्न जुनाच आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा' ग्रंथात एका धान्यविक्रेत्याचा दाखला घेतला. तो महागाईच्या गावी धान्य घेऊन पोहोचतो. मागून आणखी धान्य येत आहे आणि भाव कोसळणार, हे त्याला ठाऊक असते. त्याने ते सांगावेच का? संतांचा निर्वाळा असा की, चालू भावाने विकण्यात न्यायाचा भंग होत नाही. सांगितले तर तो अधिक मोठा सद्गुण. मालातील छुपा दोष मात्र सांगितलाच पाहिजे.

हाच निकष ग्राहकालाही लागू करावा लागेल. परतीच्या अर्जात कारणांची यादी असते. 'नको आहे' म्हटले तर टपाल आपल्या माथी, 'सदोष आहे' म्हटले तर फुकट. भाव उतरला म्हणून धडधडीत चालणाऱ्या यंत्रापुढे 'सदोष' अशी खूण करणे हे असत्य आहे, मग बोट फक्त काचेवर टेकलेले का असेना. लग्नाला नेसलेली साडी सोमवारी 'मापात बसत नाही' म्हणून परत जाते (साडीचे माप कसले, हा प्रश्न विचारू नये!), तेव्हा ती धुऊन-इस्त्री करण्याचा वा मोडीत काढण्याचा भार पुष्कळदा कोण्या बड्या कंपनीवर नव्हे, तर तिच्या दालनात माल ठेवणाऱ्या छोट्या विक्रेत्यावर पडतो. आपल्याच धर्मग्रामांत घरगुती मसाले, शिवलेले कपडे असे विकणाऱ्या भगिनी आहेत. त्यांना विचारून पाहावे.

विक्रेत्यांचेही असत्य असते, आणि ते अधिक पद्धतशीर असते. काट मारलेल्या आकड्याशेजारी '६० टक्के सूट' झळकते. तो आकडा बहुधा छापील कमाल किंमत असतो. त्या किमतीला वस्तू कधी विकली गेली होती काय, हे कुणी सांगत नाही. युरोपीय संघात २८ मे २०२२ पासून सूट जाहीर करताना सर्वसाधारणपणे आधीच्या ३० दिवसांतील सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. युरोपात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या मुलांनी याचा लाभ घ्यावा. आपल्याकडे ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी खोटी घाई दाखवणे, शेवटच्या क्षणी किंमत वाढवणे अशा तेरा फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली; पण जुन्या किमतीविषयी असा तीस दिवसांचा दंडक घातला नाही. तो घालावा, अशी मागणी ग्राहक संघटनांनी लावून धरण्याजोगी आहे.

तोवर, महागडी वस्तू घेण्यापूर्वी परतीची मुदत व खर्च वाचून त्या पानाचे छायाचित्र ठेवावे आणि खोके उघडताना चित्रण करावे. दोष निघाल्यास आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यास लिहावे. त्याने ४८ तासांत पोच देणे व महिन्याभरात निवारण करणे बंधनकारक आहे. तेथे दाद न लागल्यास १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता दिल्लीचा असो वा बंगळुरूचा, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क पडत नाही. त्या तक्रारीत वस्तूच्या किमतीबरोबर कुरियरची पावतीही जोडावी. आम्ही ती जोडली नव्हती.