दूध नासते कुठे?

उन्हाळ्यात नांदुऱ्यातल्या एखाद्या घरी सकाळचे दूध नासले की पहिला ठपका पाण्यावर येतो. गवळ्याने पाणी घातले असणार! पण नुसत्या पाण्याने दूध पातळ होते, नासत नाही. नासते ते जिवाणूंमुळे, आणि त्यांचा शिरकाव बहुधा गोठ्यातच, धार काढताना झालेला असतो.

निरोगी म्हशीच्या कासेतले दूध जवळजवळ निर्जंतुक असते. पुढचे सगळे आपण करतो. सडांना शेण लागलेले, शेपटी बादलीवरून फिरते आहे, आणि धार काढणारा सड ओले करायला बोटे दुधातच बुडवतो आहे. पहिल्या तीन-चार धारांत सडाच्या तोंडाशी साठलेले जिवाणू असतात. त्या वेगळ्या भांड्यात काढायच्या. पण 'वाया कशाला घालवायच्या' म्हणून त्याही बादलीतच जातात. काळ्या भांड्यात काढल्या तर गुठळ्या दिसून दगडीचा आजारही वेळेत कळतो. धार संपल्यावर सडाचे तोंड सुमारे अर्धा तास उघडे राहते. तेवढा वेळ जनावर शेणात बसू नये म्हणून पुढ्यात कुटार टाकावे. याला पैसा फार लागत नाही, वेळ लागतो. आणि पहाटेचा तो वेळ बहुतेक घरांत बाईच्या वाट्याचा असतो, हे सल्ला देणाऱ्यांनी विसरू नये.

पाण्याचा मामला आमच्याकडे निराळा. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. कॅनच्या आत, झाकणाच्या खाचेत पांढरट थर धरतो. जिवाणूंना लपायला तेवढी जागा पुरते.

मग सुरू होते चक्रवाढ. बँकेत उभा जन्म व्याजाची कोष्टके पाहिली, पण जिवाणूंच्या दराला तोड नाही. उबदार दुधात ते अर्ध्या तासात दुप्पट झाले असे धरले, तर दहा हजारांचे चार तासांत पंचवीस लाखांवर जातात. काढल्यापासून दोन तासांच्या आत दूध ४ अंशांपर्यंत थंड केले तर ही वाढ थोपते. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिसाला टेकतो, अशा मुलखात कॅन मोटारसायकलवर उन्हातून जातो.

आपली भीती मात्र भेसळीची. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यांत भेसळीचे निघाले फक्त १२, आणि त्यांतले निम्मे हायड्रोजन पेरॉक्साइडचे. हे रसायन कोणी हौसेने घालत नाही. आंबू पाहणारे दूध टिकवायला ते घालतात, आंबटपणा लपवायला सोडा घालतात. म्हणजे भेसळीचा एक पाय घाणेरड्या बादलीतच असतो.

आपण दूध उकळतो, मग भ्यायचे कशाला? उकळून जिवाणू मरतात हे खरे. पण दगडीच्या सडातून येणाऱ्या काही जिवाणूंनी आधीच सोडलेले विष उकळूनही जात नाही.

आता पैशाचे बोलू. १९७८ पासून १९९९ पर्यंत एकात्मिक ग्रामीण विकास योजनेत बँकांनी गावोगाव म्हशी वाटल्या. कर्जाच्या कागदांत म्हशीची किंमत असे, विम्याचा कानातला बिल्ला असे. झाकणाची स्टीलची बादली आणि कॅन धुवायचे गरम पाणी आमच्या कोणाच्या रकान्यात नव्हते. भावातही ते नाही. २०२४ साली सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिले, त्याला अट होती ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफची. स्वच्छ दूध आणि शेणाचे बोट लागलेले दूध, दोन्ही या मापात सारखीच. मग शेतकऱ्याने पहाटे पाणी तापवायचे ते कोणाच्या जिवावर?

मोजमाप अवघड नाही. दुधात मिथिलीन ब्लूचे द्रावण घालून नळी ३७ अंशांच्या पाण्यात ठेवायची. निळा रंग अर्ध्या तासात उडाला तर दूध वाईट, पाच तास टिकला तर उत्तम. संकलन केंद्रांनी प्रत्येक सभासदाची ही परीक्षा आठवड्यातून एकदा घ्यावी, आणि रंग टिकेल त्याला लिटरमागे दोन रुपये जास्त द्यावेत. सरकारने पुढचे अनुदान देताना हीच अट घालावी.

तोपर्यंत आपण रतिबाच्या दूधवाल्याला भाव विचारतो, तसे एकदा विचारून पाहावे, धार किती वाजता काढली?