मनोऱ्यांची तपासणी कोणाच्या देखत?

लालबाग-परळच्या बंद गिरण्यांच्या जागी चाळीस-पन्नास मजल्यांचे मनोरे उभे राहिले आहेत. तळाशी दुकाने, वर मोटारींचे मजले, त्यावर कचेऱ्या किंवा सदनिका. या रचनेस ‘संमिश्र वापर’ असे भारदस्त नाव लाभले आहे. गिरणगावाला त्यात नवे काही नाही. चाळीच्या तळमजल्यावर वाणी, पिठाची गिरणी, शेजारी खाणावळ आणि वर एकेका खोलीत कामगारांचे संसार, हाही संमिश्र वापरच होता. तेव्हा दुकानावर घर असण्यास आमची हरकत नाही. इमारत कोणासाठी उभी राहते आणि तिची तपासणी कोणाच्या देखत होते, हा वादाचा मुद्दा आहे.

1982 च्या संपानंतर गिरण्यांची जमीन हीच गिरणीहून मोलाची ठरली. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58 व्या नियमाने या जमिनीची ढोबळमानाने तीन वाटण्यांत विभागणी केली: एक महापालिकेस मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडास घरांसाठी आणि एक मालकास. 2001 साली या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीपुरती उरली. समजा, पंधरा एकरांच्या गिरणीत बारा एकरांवर शेड आहेत. पूर्वीच्या हिशेबाने सार्वजनिक वाट्याला दहा एकर आले असते. नव्या हिशेबाने दोन. उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2005 मध्ये लोकांच्या बाजूने दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2006 मध्ये फिरवला.

एवढी उलथापालथ झाली ती 1966 च्या नगररचना कायद्यातील किरकोळ फेरबदलाच्या कलमाखाली. राजपत्रात सूचना, हरकतींसाठी महिनाभराची मुदत, संपले! कामावरून निघालेला, गावी परतलेला कामगार राजपत्र कोठून वाचणार?

प्रत्यक्ष इमारतीच्या वेळी तर तेवढीही सोय नाही. विकास आराखड्यावर नागरिकांना हरकत घेता येते; एकट्या इमारतीचे नकाशे मात्र वास्तुविशारद आणि महापालिकेचा इमारत प्रस्ताव विभाग यांच्यातच फिरतात. गंमत अशी की, मुंबईत बांधकामास मिळणाऱ्या प्राथमिक परवानगीच्या इंग्रजी नावाचा सरळ अर्थ ‘नापसंतीची सूचना’ असा होतो. नापसंती व्यक्त करण्याचा अधिकार ज्यांना हवा, त्या शेजाऱ्यांना मात्र त्या कागदात स्थान नाही.

याची किंमत कोणी मोजली? 29 सप्टेंबर 2017 रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर 23 माणसे चेंगरून मेली. भोवतालच्या गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या होत्या, हजारो नोकरदार रोज तेथे उतरत होते. पूल मात्र जुनाच होता. प्रत्येक मनोऱ्याच्या नकाशात मोटारींच्या जागा मोजल्या गेल्या. पायी येणाऱ्यांना कोणी मोजले नाही. तिकडे घरांसाठी गिरणी कामगारांचे व वारसांचे पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज आले असता 2012 च्या सोडतीत 6,925 घरे निघाली. आता उरलेल्यांना शेलू-वांगणीचा रस्ता दाखवला जातो. त्याविरुद्ध जुलै 2025 मध्ये आझाद मैदानावर जमलेल्या वृद्ध कामगारांनी मुंबईतच घर मागितले, ते याच वाटणीच्या हिशेबावरून.

म्हणून मागणी नेमकी हवी. गिरणीच्या जमिनीवरील प्रत्येक मोठ्या इमारतीचे नकाशे व जमीनवाटपाचा तक्ता परवानगीपूर्वी प्रभाग कार्यालयात मराठीतून लावावा. जाहीर सुनावणी कामाच्या वेळेनंतर घ्यावी. पाणी, मलनिःसारण आणि स्थानकावरील भार यांचा लेखी हिशेब द्यावा. आणि हरकत फेटाळल्यास कारण नोंदवावे. सुनावणीने बांधकाम रखडते, असे बिल्डर म्हणतील. न्यायालयातील खटल्यांनी ते किती रखडते, हेही त्यांनी सांगावे. 2015 साली नागरिकांच्या हरकतींपुढे मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदाच शासनाला मागे घ्यावा लागला होता. तेव्हा नकाशे घेऊन चौकाचौकांत बसलेले कार्यकर्ते आजही गिरणगावात आहेत. एकेका इमारतीचा नकाशा वाचणे त्यांना अवघड जाऊ नये.